ॲम्बेसेडरचं टायमिंग: डिस्ट्रिब्युटर फिरवण्याआधी काय बघायचं

तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी आधी बाजूला काढतो. गाडी १९८३ ची ॲम्बेसेडर मार्क ४, १४८९ सीसी पेट्रोल. नवे सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क) बसवल्यापासून खंबाटकी चढताना इंजिन खडखडतं, टेंपरेचरचा काटा वर सरकतो, आणि गरम गाडी बंद करून लगेच सुरू केली की स्टार्टर मध्येच अडखळतो. तिसरी गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीत: गाडीला पूर्वी एलपीजी किट होतं, ते दोन वर्षांपूर्वी काढलं. मेकॅनिकचं म्हणणं, टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) कानाने तपासलंय, बरोबर आहे.

मला ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. गॅसची ज्योत पेट्रोलपेक्षा सावकाश पसरते आणि गॅसचा ऑक्टेन (खडखड रोखण्याची क्षमता) जास्त असतो, म्हणून किट बसवणारे बहुतेक जण डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, थोडा ॲडव्हान्सला, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असा, फिरवून ठेवायचे. मुंबईतल्या सीएनजीवरच्या पद्मिनी टॅक्सींनाही हेच करत. किट निघालं, सिलिंडर निघाला, पण डिस्ट्रिब्युटर परत फिरवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, असं फार वेळा होतं. मग दोन वर्षं खडखड का नव्हती? कारण पॉइंट झिजलेले होते. पॉइंटची टाच, म्हणजे फिरत्या कॅमला घासणारा भाग, झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप रिटार्ड होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. एक चूक दुसऱ्या चुकीला झाकत होती. नवे पॉइंट आले, गॅप पूर्ववत झाला आणि जुना ॲडव्हान्स उघडा पडला.

हा अंदाज आहे. त्याच्या भरवशावर लगेच डिस्ट्रिब्युटर फिरवू नका. फिरवण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: एक नंबरचा पिस्टन नक्की कुठे आहे, आणि डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली वजनं मोकळी आहेत की नाहीत. एवढं ठरलं की टायमिंग लावणं अर्ध्या तासाचं काम आहे. हे न बघता लावलेलं टायमिंग आज जमलं तरी महिनाभरात पुन्हा तीच तक्रार घेऊन येतं.

ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी का टाकायची, हे थोडक्यात. मिश्रण पेटल्यावर सिलिंडरमधला दाब लगेच चढत नाही, त्याला काही मिलिसेकंद लागतात. हा दाब पिस्टन टीडीसी (त्याची सर्वांत वरची जागा) ओलांडून साधारण १० ते २० डिग्री खाली आल्यावर सर्वांत जास्त असेल तर क्रँकला पुरेपूर जोर मिळतो. आता हिशेब करा. ९०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ५.४ डिग्री फिरतो, ३६०० ला २१.६ डिग्री. जळायला लागणारा वेळ वेगाबरोबर तेवढ्या प्रमाणात घटत नाही, म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी. ते काम डिस्ट्रिब्युटरमधली दोन वजनं करतात. कमी लोडवर मिश्रण विरळ असतं आणि हळू जळतं, त्यासाठी व्हॅक्यूमची डबी आणखी थोडा ॲडव्हान्स देते. आपण पाना घेऊन लावतो तो या साखळीतला फक्त पहिला दुवा, म्हणजे सुरुवातीचा आकडा.

ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो. वर दाबाखाली अडकलेलं, अजून न पेटलेलं मिश्रण एकदम भडकतं. तुम्हाला ऐकू येते ती खडखड तीच. सतत चालली तर हेड गॅस्केट आणि पिस्टन दोन्ही जातात. ठिणगी उशिरा पडली तर आवाज येत नाही, पण गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालबुंद तापतो आणि रेडिएटरही गरम होतो. म्हणजे गरम होणं दोन्ही बाजूंनी येतं, त्यावरून एकट्याने काही ठरवता येत नाही. गरम गाडीचा स्टार्टर अडखळणं मात्र ॲडव्हान्सकडेच बोट दाखवतं.

आता कानाबद्दल. चांगल्या मेकॅनिकच्या कानाला मी कमी लेखत नाही. टॅपेटचा आवाज, मिसिंग, मॅनिफोल्डची गळती कानानेच सापडते. पण टायमिंग कानाने लावण्याची जी रूढ पद्धत आहे, इंजिन स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवायचं, डिस्ट्रिब्युटर फिरवत आरपीएम सर्वांत वर जाईल तिथे आणायचा आणि मग किंचित मागे घ्यायचा, तिच्यात एक मूळचा दोष आहे. स्लोवर सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं असतं आणि त्यात जळका वायू मिसळलेला असतो, त्यामुळे ते फार हळू जळतं. अशा वेळी इंजिनला भरपूर ॲडव्हान्स आवडतो. कान जिथे ‘इथे छान चालतंय’ म्हणतो, तो आकडा घाटात फुल थ्रॉटलला हमखास जास्त ठरतो. ‘किंचित मागे’ म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या हातावर. रस्त्यात बंद पडलेली गाडी घरी आणायला ही पद्धत उत्तम आहे. घरी आल्यावर दिवा लावून बघायचं.

सामान फार लागत नाही. फिलर गेज, १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायर, पांढरा रंग किंवा खडू, एक बारीक कागदी पट्टी किंवा दोरा, आणि जमलं तर टायमिंग लाइट. बल्ब साधा, फिलामेंटचा घ्या. इथे एलईडी नको, तो जरा कुठे करंट गळला तरी मिणमिणतो आणि उगीच गोंधळ होतो.

पहिलं काम पॉइंटचं. डिस्ट्रिब्युटरचं कॅप काढा, रोटर उचला. नव्या पॉइंटवर कारखान्यातून तेलकट थर आलेला असतो, तो पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसून घ्या. हा थर राहिला तर पॉइंट दोन दिवसांत काळे पडतात आणि लोक कंडेन्सर बदलत बसतात. मग इंजिन हाताने फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर आणा, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडतील, आणि गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. गेजचं पान दोन्ही बाजूंना हलकं घासून गेलं पाहिजे, दाबून घालायचं नाही. ड्वेल मीटर (पॉइंट किती डिग्री मिटलेले राहतात ते दाखवणारं) असेल तर ६० डिग्रीच्या आसपास येईल. गॅप आधी, टायमिंग नंतर, हा क्रम उलटवू नका. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग ॲडव्हान्स होतं. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तिथली एक डिग्री क्रँकवर दोन होते. ०.१ मिमीचा फरकसुद्धा टायमिंग काही डिग्रींनी हलवतो. टायमिंग लावून झाल्यावर कुणी ‘जरा गॅप बघतो’ म्हणालं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

गॅप बघतानाच शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. बुश झिजलेलं असेल तर पॉइंटचा गॅप तुमच्या डोळ्यांसमोर कमी-जास्त होईल. अशा डिस्ट्रिब्युटरवर टायमिंग लागतच नाही, एका सिलिंडरला ते एक असतं आणि दुसऱ्याला दुसरं. लेथवाल्याकडून नवं बुश बसवून घ्या. पुण्यात असाल तर नाना पेठेत अजूनही डिस्ट्रिब्युटर आणि त्याचे सुटे भाग विचारले तर सापडतात, पण पॅकिंगवरचं नाव बघून भुलू नका. कंडेन्सर तर हल्ली इतके हलके येतात की जुना चांगला चालत असेल तर मी तोच ठेवायला सांगतो.

आता वजनं. रोटर परत बसवून तो त्याच्या फिरण्याच्या दिशेने बोटांनी पिळा आणि सोडा. या इंजिनावर वरून बघताना रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. खात्री नसेल तर कुणालातरी स्टार्टर मारायला लावून डोळ्यांनी बघा. पिळल्यावर रोटर थोडा पुढे जाऊन स्प्रिंगने टणकन मागे यायला हवा. सुस्तपणे आला किंवा तिथेच राहिला तर खालची वजनं वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकली आहेत. वजनं उघड्या स्थितीत अडकली असतील तर स्लोलाच जादा ॲडव्हान्स मिळतो आणि स्टार्टरला धक्के बसतात. बंद स्थितीत अडकली तर गाडी ८० च्या पुढे जायला कुरकुरते. दोन्ही वेळी लोक डिस्ट्रिब्युटर फिरवतात, आणि दोन्ही वेळी तो उपाय चुकीचा असतो.

बेसप्लेट काढून वजनं रॉकेलने धुवा, हलकं तेल द्या. तिथे दोन स्प्रिंग दिसतील, एक घट्ट बसलेली आणि एक जाडसर, जिचा फासा सैल असतो. ती सैल स्प्रिंग खराब नाही, मुद्दाम तशी केलेली आहे: सुरुवातीला एकटी बारीक स्प्रिंग काम करते, ॲडव्हान्स भराभर वाढतो, मग जाड स्प्रिंग पकडते आणि वाढीचा वेग कमी होतो. ‘सैल झालीय’ म्हणून कुणी वळसा कापून घट्ट केलेली किंवा दोन्ही सारख्या टाकलेल्या मी खूप पाहिल्यात. तुमच्याकडे तसं असेल तर आकडा कितीही अचूक लावा, वरच्या वेगाला गाडी बरोबर चालणार नाही. रोटरखाली शाफ्टच्या डोक्यात एक स्क्रू दिसतो; तो न काढता त्यावर तेलाचे दोन-तीन थेंब टाकले की बाजूच्या फटीतून आत झिरपतात. कॅमला चिमूटभर ग्रीस, पॉइंटच्या पिनला एक थेंब. त्याहून जास्त तेल टाकलं तर ते पॉइंटवर उडतं.

व्हॅक्यूमची डबी तपासायला यंत्र लागत नाही. कार्ब्युरेटरकडची नळी सोडवा, तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे आणि तुम्ही जीभ काढेपर्यंत तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर आतला पडदा फाटलाय. त्याच वेळी प्लेटपासून बॉडीला गेलेली ती बारीक, कापडी वेष्टणाची अर्थिंगची वायर ओढून बघा. प्लेट सतत हलत असल्याने ती वेष्टणाच्या आतल्या आत तुटते. बाहेरून धडधाकट दिसते आणि ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग देते. कितीतरी कार्ब्युरेटर या एका वायरपायी उगाच खोलले गेले आहेत.

इतकं झाल्यावर पिस्टनकडे वळू. एक नंबर म्हणजे रेडिएटरकडचा सिलिंडर. क्रँकच्या पुलीवर एक खाच आहे आणि टायमिंग कव्हरवर काटे. सर्वांत लांब काटा टीडीसीचा, बाकीचे ५ आणि १० डिग्रीचे. या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनाच्या जुन्या रचनेत काटे कव्हरच्या खालच्या अंगाला येतात, त्यामुळे वरून बोनेटमध्ये वाकून ते दिसत नाहीत. गाडीखाली शिरा किंवा छोटा आरसा धरा. वर्षानुवर्षांच्या तेलमातीत ते गाडलेले असतात, आणि मला वाटतं कानाने टायमिंग लावायची सवय मुळात इथूनच पडली. कव्हर घासून स्वच्छ करा, खाच आणि काट्यांची टोकं पांढरी रंगवा.

पण त्या खाचेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. चाळीस वर्षांच्या गाडीची पुली किंवा टायमिंग कव्हर कधी तरी दुसऱ्या इंजिनावरून आलेलं असू शकतं. तपासणं सोपं आहे. चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. जुन्या प्लगच्या मधलं चिनीमातीचं सगळं काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट पक्का करा आणि तो एक नंबरच्या भोकात बसवा. आता इंजिन हाताने अगदी सावकाश फिरवा. पिस्टन बोल्टला टेकला की थांबा आणि पुलीवर काट्यासमोर खूण करा. उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकवा, दुसरी खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. खाच तिथेच आली तर उत्तम. नाही आली तर आजपासून तुमची रंगवलेली रेघ खरी आणि कारखान्याची खाच खोटी. हे करताना स्टार्टरला हात लावायचा नाही, बॅटरीची वायर काढूनच ठेवा, नाहीतर पिस्टनला भोक पडेल.

मधल्या डिग्री हव्या असतील तर पुलीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा आणि ३६० ने भागा. घेर ३९० मिमी आला तर एक डिग्री जेमतेम १.१ मिमी. त्या हिशेबाने ५, ८, १० च्या रेघा काढता येतात. इंजिन समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे खाच आधी १० च्या काट्यासमोर येते, मग ५, मग टीडीसी. एवढं लक्षात ठेवलं की आधीचं आणि नंतरचं यात गोंधळ होत नाही.

खाच टीडीसीवर येते ती दर फेरीला, पण ठिणगी हवी एक सोडून एक फेरीला. म्हणून कॉम्प्रेशनचा टीडीसी कोणता ते ओळखायचं. प्लगच्या भोकावर अंगठा धरून फिरवलं तर दाब जाणवतो. त्याहून पक्की खूण: फायरिंग ऑर्डर १-३-४-२, त्यामुळे १ आणि ४ एकाच वेळी वर येतात. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलत असतील, म्हणजे एक्झॉस्ट मिटतोय आणि इनलेट उघडतोय, तर एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे. त्या वेळी रोटर ज्या टर्मिनलकडे बघतो तिथून एक नंबरची प्लग वायर निघते, आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशेने ३, ४, २. गाडी कार्ब्युरेटरमधून फटाके उडवत असेल आणि सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा इथेच घोळ असतो.

आता बल्ब. त्याची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या लो टेन्शन टर्मिनलला (कॉइलकडून बारीक वायर येते तिथे), दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. अर्थिंग पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, बल्बला त्याचं सोयरसुतक नाही. इग्निशन ऑन केलं की पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, पॉइंट उघडले की पेटतो. पॉइंट सुटतात त्या क्षणी ठिणगी पडते, म्हणजे बल्ब पेटण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण.

इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवत खाच तुमच्या आकड्यावर आणा. पुढे गेली तर तशीच मागे आणू नका. चांगली पाव फेरी मागे जा आणि पुन्हा पुढे या. टायमिंग चेन आणि डिस्ट्रिब्युटरचे गिअर यांत ढिलाई असते, मागे घेतलं की ती उलट्या बाजूला जाते आणि दोन-तीन डिग्री खोट्या दिसतात. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. मॅन्युअल नसेल तर या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला मी ५ डिग्रीपासून सुरुवात करतो.

डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प जेमतेम फिरेल इतका सैल करा. बॉडी रोटरच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, फिरवा म्हणजे बल्ब विझेल. मग सावकाश घड्याळाच्या दिशेने आणा आणि बल्ब पेटला त्या जागी थांबा. रोटर बोटाने त्याच्या उलट दिशेला हलका दाबून धरा म्हणजे गिअरची ढिलाई निघून जाईल. क्लॅम्प आवळा आणि इंजिन पुन्हा दोन फेऱ्या फिरवून बघा, बल्ब त्याच आकड्यावर पेटतो का. क्लॅम्प आवळताना बॉडी हमखास थोडी सरकते, म्हणून ही दुसरी तपासणी टाळू नका. काही ल्युकास डिस्ट्रिब्युटरना बाजूला बारीक चक्री असते, ए आणि आर अशा खुणांची. एक-दोन डिग्री इकडेतिकडे करायला ती फार सोयीची. दिशा लक्षात ठेवायला एवढंच: बॉडी रोटरच्या विरुद्ध फिरवली की ॲडव्हान्स, रोटरबरोबर फिरवली की रिटार्ड. इग्निशन ऑन ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते.

टायमिंग लाइट असेल तर याच्या पुढचं दिसतं. इंजिन गरम करा, स्लो ७०० आरपीएमच्या आसपास आणा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. क्लिप एक नंबरच्या प्लग वायरला लावा, तिच्यावर बाण असेल तर तो प्लगकडे. लाइटच्या बॅटरी वायर मात्र लाल पॉझिटिव्हलाच, इथे अर्थिंगची दिशा बघून घ्या. दिव्यात खाच थांबल्यासारखी दिसेल. आणि तसाच पंखाही थांबल्यासारखा दिसू शकतो, म्हणून हात, शर्टची बाही, गळ्यातला गमछा लांब. ही सूचना मी हसत देत नाही.

खाच एका जागी स्थिर दिसली तर शाफ्ट आणि चेन ठीक. नाचत असेल तर बुश किंवा चेन. मग ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवा. खाच काट्यापासून सरळ, न अडखळता पुढे सरकत गेली पाहिजे आणि ३००० च्या आसपास जाऊन जवळपास थांबली पाहिजे. या जातीच्या इंजिनात तेव्हाचा एकूण आकडा साधारण ३० च्या घरात येतो. स्लोला ५ आणि वर ४० दिसत असतील तर स्प्रिंगशी कुणीतरी खेळलंय. आरपीएम वाढवूनही खाच हललीच नाही तर वजनं बंद अडकली आहेत. नळी परत लावल्यावर अर्ध्या थ्रॉटलला खाच आणखी पुढे जायला हवी.

शेवटची पायरी रस्ता. तुम्ही खंबाटकी नेहमी चढताच. गाडी नीट गरम झाल्यावर हलक्या चढावर टॉप गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. क्षणभर बारीक किणकिण येऊन वेग वाढताच गेली तर टायमिंग नेमकं आहे. अजिबात आली नाही आणि गाडी मंद वाटली तर एक डिग्री पुढे. किणकिण टिकून राहिली तर एक-दोन डिग्री मागे. एका वेळी एकच बदल, आणि दर वेळी त्याच चढावर.

रस्त्याच्या चाचणीत एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. या इंजिनाचं कॉम्प्रेशन जेमतेम ७ च्या घरात, त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी ठेवलेलं. आज पंपावर मिळतं ते किमान ९१ चं, आणि इथेनॉल मिसळल्यावर ऑक्टेन आणखी वाढतो. म्हणजे या इंजिनाने आजच्या पेट्रोलवर खडखडायचं काही कारणच नाही. बरोबर आकड्यावर लावूनही ते खडखडत असेल तर टायमिंग सोडा आणि मिश्रण बघा. गॅस किट काढताना कार्ब्युरेटरखालची मिक्सरची प्लेट किंवा मॅनिफोल्डमधलं भोक नीट बुजवलं नसेल तर तिथून जादा हवा जाते. इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण मुळातच थोडं विरळ होतं, त्यात ही भर. विरळ मिश्रण गरम होतं आणि अगदी जादा ॲडव्हान्ससारखं वागतं. स्लोवर असताना मॅनिफोल्डच्या जोडांवर ब्रशने थोडं इंजिन ऑइल लावा. आवाज बदलला तर गळती तिथे. हेडवर साचलेला कार्बन आणि चुकीच्या रेंजचे गरम प्लग, हेही बघून घ्या. आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलला चालणारे आहेत का, ते टायमिंगशी संबंध नसला तरी बोनेट उघडंच आहे तर तपासाच.

तुमच्या भावाची पद्मिनी आणि शेजाऱ्यांची जुनी मारुती ८०० यांनाही हेच चालेल का, असंही विचारलंत. पद्धत तीच, खुणा वेगळ्या. पद्मिनीचीही फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पण रोटरची दिशा आणि आकडा तिच्या मॅन्युअलमधून घ्या, ॲम्बेसेडरवरून उचलू नका. कार्ब्युरेटरवाल्या ८०० ला सिलिंडर तीन, ऑर्डर १-३-२, आणि खुणा फ्लायव्हीलवर. गिअरबॉक्सच्या कव्हरवरचं रबरी बूच काढून बघायच्या.

गाडीला अजून हँडल असेल आणि तुम्ही ते वापरत असाल तर एक गोष्ट कायम पाळा: अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा उलट्या बाजूने आवळायचा नाही, आणि जोर वर खेचण्यातच द्यायचा. टायमिंग ॲडव्हान्स असलेलं इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. तुमची गाडी सध्या नेमकी त्याच अवस्थेत असावी, म्हणून काम होईपर्यंत हँडल डिकीतच राहू द्या.

सगळं जमल्यावर क्लॅम्पजवळ बॉडीवर आणि ब्लॉकवर एक सलग रेघ मारून ठेवा, आणि आकडा व गॅप सर्व्हिसच्या वहीत लिहा. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये कॅमवर बसते आणि गॅप थोडा कमी होतो. ५०० किलोमीटर झाले की कॅप उघडून गॅप पुन्हा ०.३५ ते ०.४० मध्ये आणा आणि बल्ब लावून टायमिंग परत बघा.